मागून आणलेलं भात

आमच्या डोंबिवलीच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला, तोरणाच्या खिळ्यावर भाताच्या लोंब्यांची एक लहान पेंढी टांगलेली असते. माझी बायको फिलोमिना दर ऑक्टोबरात ठाण्याला माहेरी जायची, चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेल्या लोंब्या घेऊन यायची, जुन्या काढायची आणि नव्या बांधायची. गेल्या वर्षी ऐन वेळी सुतळी सापडेना, म्हणून तिने माझ्या ऑफिसच्या बुटाची नाडी काढून पेंढीला बांधली. सोमवारी मी चपला घालून ऑफिसला गेलो.

जानेवारीत फिलू गेली. पेंढी तिथेच होती.

सप्टेंबर संपताना तिचा धाकटा भाऊ अँथनी याचा फोन आला. "भावजी, या वर्षी तुम्ही चला माझ्याबरोबर भात आणायला. आणि ती जुनी पेंढी काढून घेऊन या."

जायला मी हो म्हटलं. पेंढीचं म्हटलं, "बघू." ती काढायची नाही असं मी मनात ठरवलेलं होतं. तिच्या हातची घरातली ती शेवटची गाठ होती.

हा ब्लॉग मी गडकिल्ल्यांसाठी सुरू केला होता आणि वर्षभर त्यावर काही लिहिलेलं नाही. ही सहल दोन दिवसांची, तीसुद्धा आपल्याच जिल्ह्यातली. पण कोणाला जावंसं वाटलं तर रस्ता कळावा, म्हणून लिहितो.

आधी थोडी माहिती. ठाणे, वसई, साष्टी या भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे कॅथलिक राहतात. त्यांना ईस्ट इंडियन म्हणतात. त्यांचा सुगीचा सण म्हणजे आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या आणि पिकाबद्दल देवाचे आभार मानायचे. मी मूळचा दापोलीकडचा, हिंदू. आमचं लग्न रजिस्टर झालं, आणि घरात तिचा क्रूस आणि माझे गणपती एकाच फळीवर राहिले. आगेऱ्याच्या रविवारी ती माहेरी गेली की मी घरी खिचडी लावायचो. ठाण्यात, माजिवड्याजवळ, जिथे वर उड्डाणपूल आणि खाली सिग्नल, तिथे हे लोक कसली सुगी साजरी करतात, हे कुतूहल मला होतं. विचारलं मात्र कधी नाही.

शनिवारी सकाळी अँथनी त्याची जुनी वॅगन आर घेऊन मोठागाव-माणकोली पुलावरून आला. हा पूल झाल्यापासून ठाण्याहून डोंबिवलीला यायला शिळफाट्याचा वळसा उरलेला नाही. आमचा पुढचा रस्ता मात्र उलट दिशेला होता: पत्रीपूल, कल्याण, शहाडचा पूल आणि तिथून मोहने. तिथल्या कंपनीची लांब भिंत संपली की मोहन्याच्या नाक्यावर एक चहावाला आहे. त्याच्याकडचा वडा गरम मिळाला तर खा, थंड असेल तर पुढे चला. पुढे आंबिवली, बल्याणी, टिटवाळा. शेअर रिक्षानेही टप्प्याटप्प्याने जाता येतं, फार पैसे लागत नाहीत. मंगळवार आणि चतुर्थी मात्र टाळा. गणपतीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी रस्ता भरून जातो.

टिटवाळा ओलांडून काळू नदीच्या अलीकडे आलो की टॉवरच्या जाहिराती संपत नाहीत, पण त्यांच्या मागे भातखाचरं दिसू लागतात. हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं, कापणीला आलं होतं. वास ओल्या गवताचा आणि थोडा भाजल्यासारखा.

अँथनीच्या वडिलांपासून ओळखीच्या ताराबाई तिथे राहतात. अँथनी बांधावर उभा राहिला आणि चक्क म्हणाला, "ताराबाई, देवाला न्यायला थोडं भात द्याल का?"

"दरसाल देतंय ना? मंग इचारतोस कशाला?"

"विचारावं लागतं."

"मंग काप," ताराबाई म्हणाल्या आणि विळा त्याच्या हातात दिला. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "फिलू नाय आली?"

अँथनीने हळू आवाजात सांगितलं. त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो. उठताना पाचशेची नोट बशीखाली ठेवली. कोणाचं फुकट घ्यायचं नाही, ही माझी जन्माची सवय. फिलू गेल्यावर शेजारच्या सुलभावहिनी डबा घेऊन यायच्या, तेव्हाही "नको, माझं झालंय" म्हणून मी तो दारातूनच परत केला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. हल्ली त्यांनी आणणं सोडलं होतं.

परतीच्या वाटेवर मोहन्याच्या त्याच चहावाल्याकडे थांबलो. मी सहज म्हणालो, "ताराबाईंचं मी भागवलंय. तू काळजी करू नकोस."

अँथनीने ग्लास खाली ठेवला. "काय भागवलंत?"

"पाचशे ठेवले बशीखाली."

तो माझ्याकडे बघून हसायला लागला. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "भावजी, तुम्ही देवाचं भात विकत घेतलंत."

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांची माजिवड्याला शेती होती, तेव्हा आगेऱ्याला घरचंच भात चर्चमध्ये जायचं. कोणाची लोंबी लांब, कोणाची भरलेली, यावरून चुलत भावांची भांडणं व्हायची. मग थोडी जमीन हायवेत गेली, उरलेली टॉवरमध्ये. काही वर्षं बाजारातून पेंढ्या विकत आणल्या. एका वर्षी वडील म्हणाले, हे काही खरं नाही. विकत आणलेल्या वस्तूसाठी देवाचे आभार कसले मानायचे, त्याला पावती दाखवा. आपल्याकडे आता शेत नाही, तर नाही म्हणून सांगायचं, आणि कोणाकडे तरी मागायचं. तेव्हापासून त्यांच्या घरात आगेऱ्याचं भात मागूनच आणतात. हवं तर शेतात हात लावून मदत करायची, पण पैसे नाहीत.

"मग आता?"

"हे आता स्वयंपाकघरात. लीना पोहे कांडून घेईल याचे." लीना म्हणजे त्याची बायको. "देवासाठी दुसरं आणायला लागेल."

"परत ताराबाईंकडे जाऊ."

"आणि काय सांगायचं? नोट परत द्या? घरात घेणार नाही ती आपल्याला." तो उठला. "दुसरं शेत बघू. आणि भावजी, या वेळी तुम्ही मागायचं."

मी म्हटलं, तूच माग, तुझ्या घरची पद्धत आहे. तो म्हणाला, "ताई दर वर्षी स्वतः मागायची. मी नुसता ड्रायव्हर."

हे मला माहीत नव्हतं. फिलू बांधावर उभी राहून दुसऱ्याकडे मूठभर भात मागते आहे, हे चित्र मी कधी डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं.

गाडी परत टिटवाळ्याच्या दिशेने वळवली. बल्याणीच्या पुढे एका खाचरात एक जोडपं कापणी करत होतं. अँथनी गाडीतच बसून राहिला. मी इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून बांधावर जाऊन उभा राहिलो. मला पाहून बाईच आधी बोलली.

"जमीन इकायची नाय आमाला."

"जमीन नको आहे."

"सगले असंच बोलतात. मंग माप काढतात."

तिच्या नवऱ्याने मान वर केली नाही. मी म्हणालो, "मला मूठभर भात पाहिजे होतं. लोंब्यांसकट."

"मूठभर?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "हा बघा. मोटारीतून आलाय नं मूठभर भात मागतंय."

नवरा म्हणाला, "सुटिंग असंल."

मी निघून जायला हवं होतं, असं वाटलंही. पण पाय निघेनात. मी म्हणालो, "माझी बायको दर वर्षी मागून न्यायची. देवाला. या वर्षी ती नाही. वारली."

हा शब्द मी तोवर कोणापुढे उच्चारला नव्हता. ऑफिसात, सोसायटीत, बँकेत, सगळीकडे अँथनीनेच किंवा कागदांनी सांगितलं होतं.

बाईने विळ्याची मूठ माझ्याकडे केली. "काप तुझं तू. पाय सांभाल."

मी कापलं, पण नीट जमलं नाही. काही लोंब्या हातातून निसटल्या, काही देठ अर्धेच तुटले. "हापिसातला हाय," ती नवऱ्याला म्हणाली. शेवटी तिने विळा काढून घेतला, माझ्या मुठीत स्वतःच्या दोन मुठींची भर घातली आणि एक देठ पिळून त्याने पेंढी बांधली. माझा हात सवयीने खिशाकडे गेला. मी तो परत आणला. मग रिकाम्या हातांचं काय करायचं ते समजेना, म्हणून जोडले.

"बरं बरं," ती म्हणाली. "जा आता, ऊन लागंल."

गाडीत बसल्यावर मला एक विचित्र हलकेपणा वाटत होता. आनंद म्हणायला जीभ धजत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही. मी त्या बाईला काहीही दिलं नव्हतं, आणि तिने दिलेलं माझ्या मांडीवर होतं. गांधारी पुलावरून आम्ही नाशिक हायवेला लागलो. ट्रकच्या रांगेत अडकलो, खारेगावला अजून अडकलो. एरवी मी वैतागलो असतो. त्या दिवशी लोंब्यांवरचा एक लहान हिरवा किडा बघत बसलो. तो ठाण्यापर्यंत आला.

मुक्काम अँथनीकडे. गावठाणातलं घर बसकं, कौलाच्या जागी पत्रे आलेले, पण ओटा जुनाच. लीनाने हातावर थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बाटली मसाल्यातलं बोंबलाचं कालवण केलं होतं. बाटली मसाला उन्हाळ्यात कुटून काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून ते नाव. जेवायच्या आधी तिघांनी हात जोडले. फिलू घरीही हे करायची. अन्नाबद्दल आभार, दिवसाबद्दल आभार. शेवटच्या महिन्यांत घशाखाली दोन चमचे पेज जायची, तिच्याबद्दलही आभार. मला ते थोडं परकं वाटायचं. आमच्या घरात कोणी कोणाला धन्यवाद म्हणत नाही. आईला वाढल्याबद्दल धन्यवाद म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, मुलाला ताप आलाय.

"जुनी पेंढी आणलीत?" लीनाने विचारलं.

"नाही."

तिने अँथनीकडे पाहिलं. अँथनी म्हणाला, "राहू दे. घरी करतील." आणि मला समजावलं: जुन्या लोंब्या फेकायच्या नाहीत आणि ठेवायच्याही नाहीत. त्यांचे दाणे सोलून भाताच्या पातेल्यात टाकायचे आणि खायचे. "फक्त एकट्याने खायचे नाहीत, भावजी. एवढं एक बघा."

मी "बघू"सुद्धा म्हणालो नाही.

रविवारी सकाळी गावठाणातल्या क्रुसापाशी सगळे जमले. ज्यांना बघायला जायचं असेल त्यांनी लवकर जा आणि गाडी लांब ठेवा, गल्ल्या अरुंद आहेत. बायका लाल चौकड्यांच्या लुगड्यांत, पुरुष पांढऱ्या शर्टात, पुढे बँड, आणि सुपांतून, टोपल्यांतून भात. आणखी दोघा-तिघांनीही कुठून कुठून आणलं होतं, कोणी मुरबाडहून, कोणी पालघरहून. शेत कोणाचंच नव्हतं. मिरवणूक मोठ्या रस्त्यावर आली तेव्हा सिग्नल हिरवा होऊनही गाड्या थांबल्या. एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "किसकी शादी है?"

"लग्न नाही," अँथनी म्हणाला. "भात आलंय."

"भात? इधर?" त्याने वर मेट्रोच्या खांबांकडे पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या पेंढीकडे. "अच्छा है," म्हणाला आणि इंजिन बंद करून बसला.

प्रवचनात फादर डोंगरावरच्या उपदेशाबद्दल बोलले. येशूने तिथे पहिल्यांदा धन्य म्हटलं ते आत्म्याने दीन असलेल्यांना. ते वाक्य मी फिलूकडून ऐकलं होतं, पण तेव्हा मला वाटायचं, दीन म्हणजे बिचारा, आणि बिचारा धन्य कसा असेल? मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली, पाणी शिंपडून भात आशीर्वादित झालं, आणि मग आवारात जेवणाची रांग लागली. माझ्या पुढेच फादर उभे होते, हातात कागदी प्लेट. पन्नाशीचे, पोट थोडं सुटलेलं. मी विचारून टाकलं.

ते म्हणाले, "दीन म्हणजे दुःखी नाही हो. ज्याला ठाऊक आहे की आपलं असं काही नाही, सगळं मिळालेलं आहे, तो दीन. मग मिळालं की त्याला आनंद होतो. हक्काचं समजलं की नुसता हिशेब होतो."

"आणि मिळालेलं परत गेलं तर?"

त्यांनी मागे वळून माझ्याकडे नीट पाहिलं. अँथनीने त्यांना सांगितलेलं असावं. रांग दोन पावलं पुढे सरकली. मग म्हणाले, "तर रडायचं. येशूसुद्धा मित्र गेल्यावर रडला. मित्र पुन्हा उठणार हे माहीत असूनही रडला." पुढे म्हणाले, "पण गेलं म्हणून ते दिलेलं नव्हतं, असं होत नाही."

वाढणाऱ्या बाईने त्यांच्या प्लेटमध्ये फुगे टाकले. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल. "फादर, तीनच. शुगर आहे तुम्हाला."

"बघा," फादर मला म्हणाले, "इथेही मागावंच लागतं." आणि चौथ्यासाठी प्लेट पुढे केली. तिने दिला नाही.

आशीर्वादित भातातून प्रत्येक घराला मूठमूठ परत देतात. माझी मूठ वर्तमानपत्रात गुंडाळून मी संध्याकाळी बसने निघालो. अँथनी सोडायला येतो म्हणाला होता. मी नको म्हणणार होतो, मग म्हटलं, स्टॉपपर्यंत ये. तो आला.

या सहलीला खर्च फारसा नाही. अँथनीचं पेट्रोल, चहा-वडा आणि माझी एक पाचशेची नोट, जी ठेवायला नको होती. शेतात गेलात तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, भाताची पात कापते. बांधावर उभे राहाल तर जमीन घ्यायला आलेलो नाही, हे आधी सांगा. आणि मागायचं असेल तर पाकीट गाडीतच राहू द्या.

घरी आलो, दिवा लावला. दाराला पेंढी होती. मी तिच्याखाली खुर्ची घेऊन बसलो. माझ्याकडे गाठ उरली आहे, असं मी इतके महिने समजत होतो. खरं म्हणजे तिने ती पुढच्या ऑक्टोबरात सुटावी म्हणूनच बांधली होती. नाडीची गाठ, ओढली की सुटणारी. एका ओढीत सुटली.

दाणे नखाने सोलत बसलो. फार वेळ लागतो. शेवटी अर्धी वाटी झाले, लालसर, काही तुटलेले. रोजच्या तांदळात मिसळून भात लावला. नवी पेंढी त्याच नाडीने त्याच खिळ्याला बांधली. माझी गाठ तिच्यासारखी आली नाही.

कुकरची वाफ जाईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभा होतो. मग एक रिकामं पातेलं घेतलं आणि शेजारची बेल वाजवली.

सुलभावहिनींनी दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"वहिनी," मी म्हणालो, "थोडी आमटी आहे का?"

"आहे. आमसुलाची आहे. चालेल?" पातेलं हातात घेऊन त्या आत वळल्या आणि परत थांबल्या. "आणि एकटेच जेवणार?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही दोघं या. भात माझ्याकडे आहे."